घरच्या घरी टी-शर्ट छपाई: पाच महिन्यांचा अनुभव आणि परत आलेले 30 शर्ट

जाई_म्हार्दोळ | 2 नोव्हेंबर, रात्री 10:40

जूनपासून मी घराच्या मागच्या पडवीत टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करतेय, म्हणजे फ्रेमेवर ताणलेल्या जाळीतून रंग दाबून चित्र छापतेय. नोकरी आहे, त्यामुळे शनिवार-रविवार आणि आठवड्यातली एखादी रात्र एवढाच वेळ. आजवर 130 शर्ट छापले. त्यातले 25 हात बसेपर्यंत वाया गेले, 75 चांगले गेले, आणि 30 मला परत घ्यावे लागले. हा धागा त्या 30 शर्टांसाठी काढतेय. पण आधी बाकीचं सांगते, म्हणजे माझं कुठे चुकलं ते जाणकारांना कळेल.

सामान मोजकंच आहे. 16 बाय 20 इंचांच्या दोन लाकडी फ्रेमा, एकीला 43 टी मेश, दुसरीला 77 टी. (टीच्या आधीचा आकडा म्हणजे सेंटिमीटरला किती धागे. आकडा जितका लहान, तितकी जाळी मोकळी आणि रंग जास्त उतरतो.) 12 इंची स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी), डायझो इमल्शन (जाळीवर लावायचा, प्रकाशाने घट्ट होणारा लेप), पाण्यावरचा पिगमेंट रंग. टेबल म्हणून जुन्या दाराचं एक फळकूट घेतलं, त्यावर प्लायची पाटी ठोकली आणि फ्रेमेला दोन बिजागऱ्या लावल्या. एक्सपोज करायला, म्हणजे चित्राची फिल्म ठेवून इमल्शनवर प्रकाश टाकायला (चित्राखालचं मऊ राहतं, धुतलं की तिथे जाळी उघडते), सुरुवातीला ऊनच वापरायचं ठरवलं होतं. जूनमध्ये फोंड्यात ऊन कुठलं! शेवटी 50 वॉटचा यूव्ही फ्लड (अतिनील प्रकाशाचा दिवा) घेतला. दीड फुटावरून 6 मिनिटं, हे माझ्या इमल्शनचं गणित. पुठ्ठा एकेक मिनिटाने सरकवत पट्ट्या पाडल्या, आणि ज्या पट्टीची कड पाण्याखाली टिकली आणि बारीक रेघही उघडली ती धरली.

पहिलं चित्र माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचं. सुपारीचा घोस, नारळ, चिबूड, तोरिंजन, कांगलां, आणि मध्ये मोकळी जागा. पांढऱ्या शर्टवर एकच रंग, कावेसारखा लाल. चवथीच्या आधी 45 शर्ट गेले. शेजारच्या काकूंनी तीन घेतले, एक मुंबईच्या मुलाला, एक नातवाला, एक स्वतःला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मग नरकासुराची ऑर्डर आली. वाड्यावरच्या पोरांचं मंडळ, 30 शर्ट, काळ्यावर पांढरा नरकासुर. पांढरा पाण्यावरचा रंग काळ्या सुतात अक्षरशः बुडाला, राखाडी दिसायला लागला. दुकानदाराच्या सांगण्यावरून प्लास्टिसोल (पीव्हीसीचा जाड रंग) आणला. दोन हात मारले, पांढरा अगदी खणखणीत बसला. इस्त्री कॉटनवर ठेवून, मध्ये बेकिंग पेपर घालून, प्रत्येक शर्टाला 2 मिनिटं शेक दिला. बोटाला रंग लागत नव्हता, म्हणून घड्या घातल्या आणि दिले.

नरकचतुर्दशीच्या रात्री सगळ्यांनी घातले. चार दिवसांनी त्यांच्यातला एक मुलगा शर्ट घेऊन दारात आला. म्हणाला, "ताई, धुतल्यावर असुराचे डोळेच गेले." शर्ट हातात घेतला तर पांढऱ्या रंगाला वाळलेल्या चिखलासारख्या भेगा, आणि जिथे रंग जाड होता तिथली खपली निघून आलेली. मी 30 च्या 30 परत मागवले आणि पैसे दिले. पोरं भांडली नाहीत, उलट "राहू दे ताई" म्हणाली, त्याने जास्तच लागलं.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. काय चुकलं ते समजायला हवं, आणि त्या पोरांना शर्ट पुन्हा छापून द्यायचे आहेत.

---

सांज | 2 नोव्हेंबर, रात्री 11:15

पैसे परत दिलेस हे वाचून आनंद झाला. माझा प्रश्न छोटा आहे. पावसात तुझं इमल्शन सुकलं कसं? मी जुलैमध्ये दोन फ्रेमा केल्या, दोन्ही धुताना चित्रासकट वाहून गेल्या. आम्ही साळगावला, घरात भिंतीसुद्धा घाम गाळतात.

---

जाई_म्हार्दोळ | 3 नोव्हेंबर, सकाळी 7:05

सांज, मीही पहिल्या चार वेळा फ्रेमा अशाच घालवल्या. वरून कोरडं लागतं, आत ओल असते. ओल्या इमल्शनवर कितीही प्रकाश टाकला तरी ते नीट घट्ट होत नाही.

उपाय आमच्याच घरात होता. पावसात कपड्यांना बुरशी धरू नये म्हणून आई कपाटात बल्ब पेटवून ठेवते ना, तेच केलं. एका जुन्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, त्यात 40 वॉटचा तारेचा पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, ऊब देत नाही. फ्रेम आडवी, छापायची बाजू खाली. हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारं यंत्र) ठेवला तर पडवीत 88 टक्के, कपाटात 45. आठ तास ठेवते, म्हणजे रात्री कोटिंग आणि सकाळी एक्सपोज. बल्ब फ्रेमेपासून हातभर लांब ठेव आणि साधा पांढरा घेऊ नको, त्याच्या उजेडाने इमल्शन आधीच घट्ट व्हायला लागतं.

---

पत्रिकावाला | 3 नोव्हेंबर, दुपारी 2:30

जाई, मी डिचोलीत 22 वर्षं लग्नपत्रिका, स्टिकर आणि कापडी बॅनर स्क्रीनवर छापले. ऑफसेट स्वस्त झाला तसा पत्रिकांचा धंदा गेला, आता दुकान बंद आहे. हात मात्र विसरत नाहीत. तुझा रोग मला ओळखीचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

प्लास्टिसोल वाळत नाही, तो शिजतो. त्यात पाणी नसतं, उडून जायला काही नसतं. आठवडाभर शर्ट दोरीवर टांगलास तरी तो ओलाच राहील. पीव्हीसीचे कण तेलकट द्रवात असतात, ते साधारण 160 अंशांना एकमेकांत विरघळून एकजीव व्हावे लागतात. आणि हे 160 अंश रंगाच्या वरच्या पृष्ठभागाला पोचून उपयोग नाही, तळाला, जिथे रंग सुताला भिडतो तिथे पोचले पाहिजेत. भाकरी वरून भाजली आणि आत कच्ची राहिली, तसं तुझं झालं. बोटाला रंग लागत नाही म्हणजे फक्त वरची साय धरली. त्या अवस्थेला आम्ही जेल म्हणतो. दुसरा हात मारण्यापूर्वी तेवढंच पुरतं, पण गिऱ्हाइकाला देताना नाही.

इस्त्रीचं दुखणं असं की ती सगळीकडे सारखी तापत नाही. टोकाला एक उष्णता, मधे दुसरी, वाफेच्या भोकांखाली तिसरी. आणि ऑक्टोबरातला तुमच्याकडचा काळा सुती शर्ट म्हणजे पाणी प्यालेला स्पंज. शेकातली पहिली 20-30 सेकंदं ती ओल घालवण्यातच जातात. त्यात काळ्यावर पांढरा म्हणून दोन हात, म्हणजे थर दुप्पट. तुझी 2 मिनिटं कुठे गेली ते आता दिसेल.

आता करायचं ते. हीट प्रेस (तापलेला सपाट तवा शर्टावर दाबणारं यंत्र) मिळाली तर घे, जुनी चालेल. छापण्याआधी कोरा शर्ट प्रेसमध्ये 8-10 सेकंद दाब, ओल निघते आणि सुताची लवही बसते. पांढऱ्याचा पहिला हात 43 टीवर मार, मग प्रेसचं तोंड दोन बोटं वर ठेवून नुसत्या धगीवर जेल कर, बोट टेकवून बघ. दुसरा हात मार, पुन्हा जेल. शेवटी टेफ्लॉनचा कागद ठेवून हलक्या दाबाने 160 ला दाब. इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ ठेव, मशीनच्या आकड्यावर जाऊ नको. माझ्या अनुभवात जुन्या प्रेसचा आकडा आणि खरी उष्णता यांत 15 अंशांचा फरक निघालेला आहे.

आणि परीक्षा. थंड झाल्यावर चित्र दोन्ही अंगठ्यांनी ताण. पिकलेला रंग रबरासारखा ताणतो आणि परत येतो, कच्चा फुटतो. त्या लॉटमधला एक शर्ट बाजूला काढ, गरम पाण्यात साबणाने धू, वाळव, पुन्हा धू. पाच वेळा. मगच बाकीचे दे.

एक काळजीचं. तुझं इमल्शन डायझो आहे, छान. आमच्या काळी स्वस्त म्हणून इमल्शनात बायक्रोमेट घालायचे, त्या नारिंगी खड्यांनी आमच्या कारागिराच्या बोटांना जखमा झाल्या होत्या आणि त्या महिनोन्‌महिने भरत नव्हत्या. ते विषारी क्रोमियम आहे, कर्करोगकारक आहे. अजूनही काही दुकानांत पुडीत मिळतं. घरात आणू नका, कितीही स्वस्त असलं तरी.

---

जाई_म्हार्दोळ | 3 नोव्हेंबर, रात्री 9:50

काका, देव बरें करूं. परत आलेल्यातला एक शर्ट आत्ता ताणून पाहिला. तुम्ही म्हणता तसाच फुटला. आणि जिथे इस्त्रीचं टोक जास्त वेळ टेकलं असावं तिथला नरकासुराचा एक दात मात्र ताणला आणि जसाच्या तसा परत आला. एकाच चित्रात पिकलेला आणि कच्चा रंग शेजारी शेजारी. तो शर्ट मी पडवीत खिळ्याला टांगून ठेवलाय.

---

वाळवंटी | 4 नोव्हेंबर, सकाळी 11:20

मला प्रामाणिकपणे विचारायचं आहे. आता डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) आलंय. चित्र पाठवलं की मीटरच्या हिशोबाने छापलेली फिल्म घरी येते, मागे गोंदाची पूड आधीच वितळवलेली असते. प्रेसमध्ये 15 सेकंद दाबली, फिल्म सोलली की झालं. काळ्यावर पांढरा, दहा रंग, फोटो, काहीही. फ्रेम नाही, इमल्शन नाही, धुणं नाही. माझा भाऊ म्हापशात हेच करतो आणि एक शर्टसुद्धा छापून देतो. मग रात्री जागून स्क्रीन का घासायचा?

---

जाई_म्हार्दोळ | 4 नोव्हेंबर, रात्री 10:10

एक-दोन शर्ट हवे असतील किंवा चित्र बहुरंगी असेल तर डीटीएफच करावं, मीही तेच सुचवते. वाढदिवसाच्या शर्टासाठी कुणी आलं तर मी नाही म्हणते आणि तिकडे पाठवते.

पण माझ्या माटोळीच्या शर्टावर हात फिरवला तर चित्र हाताला लागत नाही. पाण्यावरचा रंग सुताच्या आत गेलेला असतो, वर बसलेला नसतो. मे महिन्यात छातीवर प्लास्टिकचा चौकोन घालून फिरणं आणि नुसतं सूत घालून फिरणं यात किती फरक आहे ते गोव्यात कुणाला सांगायला नको. शिवाय एकदा स्क्रीन बनली की 20 वा शर्ट पहिल्यापेक्षा स्वस्त पडतो. डीटीएफमध्ये 20 व्यालाही तेवढीच फिल्म लागते.

आणि एक मनातलं. फ्रेम उचलल्यावर शर्टावर रेघ उमटलेली दिसते तो क्षण मला हवा असतो. दिवसभर मी दुसऱ्यांच्या फायली पुढे सरकवते. हे एवढं एक माझ्या हातून पुरं होतं.

---

वाळवंटी | 4 नोव्हेंबर, रात्री 10:45

पटलं. हाताला न लागण्याचा मुद्दा भावालाही सांगतो.

---

रानफूल_सत्तरी | 5 नोव्हेंबर, सायंकाळी 6:30

छपाईतलं मला काही कळत नाही, पण फ्रेम धुतलेलं पाणी तुम्ही कुठे सोडता ते विचारायचं आहे. आमच्या वाड्यावर एका घरी बॅटिकचं काम चालायचं. सगळं पाणी मागच्या परसात. खाली चिऱ्याचा दगड, आणि चिरा किती पाझरतो ते तुम्हाला माहीत आहे. वीस पावलांवर विहीर होती. तिथल्या पाण्याला रंग यायला लागला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

---

जाई_म्हार्दोळ | 5 नोव्हेंबर, रात्री 10:20

हे कुणीतरी विचारायलाच हवं होतं. मी पहिले दोन महिने न्हाणीतच फ्रेमा धुवायचे. आमचीही विहीर न्हाणीपासून लांब नाही. ऑगस्टमध्ये ते लक्षात आलं आणि बंद केलं.

आता असं करते. फ्रेमेवर उरलेला रंग पुठ्ठ्याच्या तुकड्याने खरवडून परत डब्यात. राहिलेला रंग जुन्या गंजीच्या चिंधीने पुसून काढायचा. मगच पाणी, तेही मोठ्या टबात. टब दोन दिवस ठेवला की गाळ तळाला बसतो. वरचं पाणी हळूच काढते, गाळ वर्तमानपत्रात ओतून वाळवते आणि कोरड्या कचऱ्यात देते. प्लास्टिसोल तर पाण्याला लावतच नाही, फक्त चिंधी आणि सोयाबीन तेल. चिंध्या वेगळ्या पिशवीत, आणि त्या चुलीत घालायच्या नाहीत. पीव्हीसी जाळलं की वाईट धूर होतो.

हे पुरेसं आहे का? रसायन जाणणाऱ्या कुणी आणखी सांगितलं तर तेही करेन.

---

पत्रिकावाला | 6 नोव्हेंबर, सकाळी 9:15

चांगलं करतेस. आम्ही तेव्हा सगळं गटारात सोडायचो. त्याची खंत वाटते.

---

कुळागर | 6 नोव्हेंबर, दुपारी 1:40

आमच्या क्लबाची फुटबॉलची स्पर्धा डिसेंबरात आहे. 22 जर्सी, लाल रंगाच्या, मागे पांढरा नंबर. करून द्याल का? कापड ते चकचकीत, घाम सुकणारं असतं ते.

---

जाई_म्हार्दोळ | 6 नोव्हेंबर, रात्री 8:55

कुळागर, नाही घेणार, आणि कारण सांगते. ते कापड पॉलिएस्टर. माझा पाण्यावरचा रंग त्यावर धरत नाही. प्लास्टिसोल धरेल, पण 160 अंशांना कापडाचाच लाल रंग वायू होऊन पांढऱ्यात चढतो. छापताना नंबर पांढरा दिसतो आणि दोन दिवसांनी गुलाबी होतो. त्यासाठी कमी उष्णतेचे खास रंग येतात, ते मी वापरलेले नाहीत. तुमच्या 22 जर्सींवर मी शिकू नये. पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर संपूर्ण जर्सीच सब्लिमेशनने (उष्णतेने वायू होऊन कापडात शिरणाऱ्या शाईने) छापणारे लोक आहेत, त्यांच्याकडे जा.

---

हिशोबनीस | 8 नोव्हेंबर, सकाळी 10:30

धागा आवडला. मी कर सल्लागार आहे, छंदातून धंदा करणारी बरीच मंडळी माझ्याकडे येतात. एक विचारतो. माटोळीचा शर्ट किती पडला, कितीला विकला?

---

जाई_म्हार्दोळ | 8 नोव्हेंबर, दुपारी 12:15

कोरा शर्ट तिरुपूरहून मागवते. 180 जीएसएम (चौरस मीटरला 180 ग्रॅमचं कापड), बायोवॉश केलेला (लव काढून मऊ केलेला), पोचून 170 ला पडतो. रंग, फिल्म, इमल्शन, वीज आणि वाया जाणाऱ्यांचा वाटा धरून आणखी 30. म्हणजे 200. विकला 350 ला.

---

हिशोबनीस | 8 नोव्हेंबर, दुपारी 1:05

म्हणजे शर्टामागे 150 दिसतात. पण तुमचा वेळ त्यात धरलेला नाही. फिल्म काढण्यापासून शेवटची घडी घालेपर्यंतचे तास लिहून ठेवा. समजा 20 शर्टांना 6 तास लागले, तर 3,000 रुपये, ताशी 500, ठीकच आहे. पण 6 शर्टांची ऑर्डर घेतलीत तर स्क्रीन बनवायचा वेळ तेवढाच लागतो. 4 तास जातील आणि हातात 900, ताशी 225. म्हणून कमीत कमी किती शर्ट घेणार तो आकडा आधी ठरवा आणि ओळखीच्यांनाही तोच सांगा.

दुसरी खोच दुकानांची. पणजीतल्या किंवा किनाऱ्यावरच्या दुकानाने 35 टक्के घेतले तर 350 मधले तुमच्या हाती 227 रुपये 50 पैसे येतात. 200 वजा केले की साडेसत्तावीस. दुकानात ठेवायचं असेल तर किंमत नव्याने मांडा, नाहीतर थेट विका.

कायद्याचं थोडक्यात. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. गिऱ्हाईक स्वतःचा शर्ट आणतं आणि तुम्ही फक्त छापून देता तेव्हा ती सेवा, तिची मर्यादा 20 लाख. तुम्ही दोन्हींपासून फार लांब आहात. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तेव्हा मात्र आधी विचारून घ्या, तिथे नियम वेगळे. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) आधारवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

---

जाई_म्हार्दोळ | 8 नोव्हेंबर, रात्री 11:00

दुकानाचा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. एका दुकानदाराला हो म्हणायच्या बेतात होते. किमान 12 शर्ट, हे आजपासून ठरवलं.

---

चित्रावळ | 9 नोव्हेंबर, सायंकाळी 5:20

तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये "कावेसारखा लाल" म्हणालात, म्हणून लिहिते. मी चित्रकला शिकवते. कावी काम गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांत, घरांत सापडतं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर काव, म्हणजे लाल मातीचा थर देतात, आणि तो ओला असतानाच टोकदार अवजाराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. म्हणजे चित्र रंगवून होत नाही, रंग काढून होतं. दोनच छटा. मधली करडी काही नाही, सावली नाही.

तुम्ही स्क्रीनवर जे करता ते याच्या इतकं जवळचं आहे की मला नवल वाटलं. एक रंग, एक उघडी जागा. तेव्हा नवीन चित्र काढताना पेन्सिलीने रेघ काढून आत लाल भरू नका. आधी सगळा कागद लाल समजा आणि त्यातून पांढरं काढा. कमळाची पाकळी लाल रेघेने काढलेली वेगळी दिसते आणि लालातून कोरून काढलेली वेगळी. माझ्या मुलांकडून मी हे काळ्या क्रेयॉनचा थर खरवडून करून घेते, पहिल्या तासाला सगळी अडखळतात आणि दुसऱ्याला हात सुटतो.

आणखी एक, सगळ्यांसाठीच. गोव्याचं म्हणून लोक मारिओ मिरांडांची चित्रं सर्रास शर्टावर छापतात. ते 2011 साली गेले. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतो, म्हणजे 2071 संपेपर्यंत. परवानगीशिवाय छापू नका. आणि आपल्याजवळ माटोळी, कावी, रोमटामेळ, पोर्तुगीज घरांच्या सज्जांची जाळी एवढं असताना छापायची गरजही नाही.

---

जाई_म्हार्दोळ | 9 नोव्हेंबर, रात्री 9:30

"सगळा कागद लाल समजा." हे वाचून जेवण तसंच ठेवलं आणि कागद घेऊन बसले. तीन तास झाले. उद्या फोटो टाकते.

एक तांत्रिक अडचण दिसतेय. मोठा भरीव लाल भाग छापला की पाण्यावरच्या रंगात ढग दिसतात, एकसारखा येत नाही. काका?

---

पत्रिकावाला | 10 नोव्हेंबर, सकाळी 8:40

तीन कारणं असतात. स्क्रीन शर्टाला चिकटून बसते. फ्रेमेच्या चारही कोपऱ्यांखाली जाड पुठ्ठा ठेव, दोन-तीन मिलिमीटरची फट हवी, म्हणजे स्क्वीजी पुढे गेली की मागची जाळी आपोआप सुटते. दुसरं, मेश ढिली झाली असेल. लाकडी फ्रेम पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, बोट दाबून बघ, ढोलकीसारखी लागायला हवी. तिसरं, तू मध्येच थांबतेस. श्वास घे आणि एका दमात ओढ, वरून खाली, सारखा दाब.

आणि लाल गडद व्हावा म्हणून पिगमेंट ओतू नको. 100 ग्रॅम बाइंडरला 5 ग्रॅम, फार तर 8. त्याच्या वर गेलीस तर रंगाला धरून ठेवायला बाइंडर उरत नाही, घासला की सुटतो. पांढऱ्या शर्टाच्या काखेला लाल लागलेला कुणाला आवडेल?

---

सांज | 16 नोव्हेंबर, दुपारी 3:10

बल्बचं कपाट केलं. पहिल्यांदाच फ्रेम न वाहता उघडली. हिबिस्कसच्या, म्हणजे आमच्या दसणीच्या फुलातला परागदांडा एका केसाएवढा होता, तोसुद्धा आला! एक अडलं, शर्टावर अक्षरं उलटी छापली गेली.

---

जाई_म्हार्दोळ | 16 नोव्हेंबर, सायंकाळी 4:00

सांज, अभिनंदन! फिल्म सुलटीच प्रिंट कर, आणि टोनरची बाजू फ्रेमेच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे जी शर्टाला टेकते तिला लागू दे. वरून काच ठेव. फ्रेम उलटून आतून पाहिलंस की अक्षरं वाचता आली पाहिजेत. टोनर इमल्शनला भिडला की मध्ये फट राहत नाही, प्रकाश आत शिरत नाही, आणि रेघेची कडही स्वच्छ येते.

---

जाई_म्हार्दोळ | 7 डिसेंबर, रात्री 10:30

महिन्याभरात काय झालं ते सांगायला आले.

जुनी हीट प्रेस घेतली, 15 बाय 15 ची. घरी आणल्यावर कळलं की ती 1,800 वॉट ओढते आणि पडवीतला प्लग 6 अँपिअरचा. इलेक्ट्रिशियनकडून वेगळी वायर ओढून 16 अँपिअरचा पॉइंट करून घेतला, अर्थिंग तपासून घेतलं. ज्यांना प्रेस घ्यायची आहे त्यांनी हा खर्च आधीच धरावा.

मशीनवर 160 लावलं की थर्मामीटर मधोमध 158 आणि डाव्या मागच्या कोपऱ्यात 146 दाखवतो. काका, तुमचा शब्द खरा. म्हणून चित्र उजवीकडे सरकवून ठेवते आणि 165 लावते.

नरकासुराचे 30 शर्ट नव्याने छापले. कोरा शर्ट आधी दाबला, 43 टीवर पहिला हात, जेल, दुसरा हात, जेल, मग टेफ्लॉनखाली पूर्ण शेक. एक 31 वा जास्तीचा छापला आणि तो धुवायला ठेवला. गरम पाणी, साबण, पिळून, वाळवून. पाच धुण्यांनंतर ताणला, फुटला नाही. मला खात्री वाटेना म्हणून आणखी पाच धुतला. दहा झाले. डोळे जागेवर आहेत, दातही. काळा थोडा विटलाय, तो शर्टाचाच रंग.

काल संध्याकाळी मंडळाच्या शेडमध्ये जाऊन देऊन आले. पैसे घेतले नाहीत. त्यांनी आग्रह केला, तेव्हा म्हटलं पुढच्या वर्षीची ऑर्डर द्या आणि तिचे पूर्ण पैसे द्या. आणि त्यांना दहा वेळा धुतलेला शर्ट दाखवला. एकाने तो हातात घेऊन ताणून पाहिला, मग दुसऱ्याने, असा तो सगळ्यांच्या हातून फिरून माझ्याकडे आला.

कावीचं चित्रही झालं. लालातून कोरलेली दोन मोरांची जोडी आणि मध्ये तुळशीवृंदावन. चित्रावळ, तुम्ही म्हणालात तसा हात दुसऱ्या दिवशी सुटला. 18 शर्ट छापले, ढग नाहीत. आता प्रत्येक लॉटमधला एक धुवायला काढते, त्याच्या आतल्या पट्टीवर मार्करने तारीख आणि शेकाची वेळ लिहिते.

---

चित्रावळ | 7 डिसेंबर, रात्री 11:05

फोटो पाहिला. उजव्या मोराच्या पिसाऱ्यात तीन डोळे तुम्ही कोरले आहेत आणि चौथा लालच ठेवलाय. तो चौथाच मला सगळ्यात आवडला.

---

कोवळे_ऊन | 8 डिसेंबर, सकाळी 6:50

मी काणकोणची. पूर्ण धागा रात्री जागून वाचला. मला हे शिकायचं आहे, हाताने करताना बघायचं आहे. येऊ का एखाद्या रविवारी? एक मैत्रीणही येईल म्हणते.

---

जाई_म्हार्दोळ | 8 डिसेंबर, सकाळी 7:15

दोघीही या. पत्ता निरोपातून कळवते. शनिवारी रात्री मी दोन फ्रेमांना कोटिंग करून कपाटात ठेवीन. आता थंडीत आकाश स्वच्छ असतं, त्यामुळे या वेळी फ्लड न लावता उन्हातच एक्सपोज करू, माझ्याकडे सकाळी 11 ला 2 मिनिटं पुरतात. काणकोणहून निघायला लवकर लागेल, पण 10 च्या आत पोचा. येताना एकेक जुना पांढरा सुती शर्ट आणा, नवा नको. आणि चित्र काळ्या शाईने, पोस्टकार्डाएवढं, स्वतः काढलेलं.

---

पत्रिकावाला | 8 डिसेंबर, सकाळी 9:30

रविवारी मीही येतो. माझी जुनी सागवानी स्क्वीजी आहे, रबर नवीन बसवलंय. ती आता तुझ्याकडे असू दे.